धुरी न दिलेली पेटी

मी पाण्याचा पंप बोलतोय. आवाज दबका वाटेल, कारण चहूबाजूंनी फळ्या ठोकलेल्या आहेत.

माझा जन्म दोघा भावंडांच्या कारखान्यात झाला. दादा वरच्या मजल्यावर परदेशी गिऱ्हाइकं सांभाळायचा. ताई खाली माल बांधून रवाना करायची. वडील गेल्यापासून मधल्या जिन्यानं चहाचे कप तेवढे ये-जा करत. शब्द नाही.

चाचणीच्या हौदात मी पहिल्यांदा पाणी ओढलं, तेव्हा सीमेपलीकडच्या गावाचा इंजिनिअर मुद्दाम पाहायला आला होता. माझ्या अंगावर हात ठेवून म्हणाला, "लवकर ये रे बाबा. आमच्याकडची म्हातारी माणसंसुद्धा टँकरमागे धावतात." मला केवढा हुरूप आला!

ताईनं मला नव्याकोऱ्या पेटीत निजवलं. ट्रक निघाला, आणि मी सीमेवरच्या गोदामात अडकलो तो अडकलोच. कच्च्या लाकडातून कीड येते, म्हणून धुरी दिलेल्या पेट्याच पलीकडे सोडायच्या, असा नवा नियम झाला होता. माझ्यात काही खोट नव्हती. पेटीत होती.

ताई धावत आली नि गोदामाच्या अधिकाऱ्याला म्हणाली, "साहेब, इथंच पेटी बदलते."

"इथं उघडता येणार नाही, बाई. आली तशी परत न्या. तेही परवानगी आल्यावर."

माझ्यावर टेकूनच तिनं फोन लावला. "दादा, हा नियम तुला ठाऊक होता?"

"एजंट म्हणाला होता खरा. मला वाटलं, तुला माहीत असेल."

"मला कोण सांगणार? जिना?"

दादा हळूच म्हणाला, "तू ये. माझं टेबल खाली आणतो."

आणलंही त्यानं. आता ऑर्डर घेण्यापासून माल पोचेपर्यंत सगळं दोघं समोरासमोर बसून ठरवतात, भांडतातसुद्धा. हे मला माझ्या पाठच्या भावानं, माझ्यानंतर बनलेल्या पंपानं सांगितलं. धुरी दिलेल्या पेटीतून तो सकाळी आला नि दुपारी पलीकडे गेलासुद्धा. गावाला पाणी मिळालं, हे परतणाऱ्या ट्रकवाल्यांच्या बोलण्यातून कळलं. आनंद झाला, पण खोटं कशाला बोलू, हेवाही वाटला.

माझी परवानगी अजून यायचीय. दमट हवेनं दांडा जाम होत चाललाय. हमाल माझ्यावर बसून डबे खातात.

काल एकानं विचारलं, "यात काय आहे रे?"

"काही नाही. पडून आहे."

पडून नाही हो, कोंडून आहे! एक फळी तरी उचकटा.