श्वासाचा पाहुणा

“वळली, वळली! बोटं वळली!” गर्दीत एकच गलका झाला. फुंकरबाबांनी समाधानाने दाढी कुरवाळली. पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती.

पुढे बसलेली शिवणकाम करणारी बाई आखडलेली बोटं घेऊन धापा टाकत होती आणि तिचा नवरा मागून तिचे खांदे धरून उभा होता. तो लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. तीन महिने झाले, तिला अचानक धडधड व्हायची, दरदरून घाम सुटायचा, आता आपण मरणार असं वाटायचं. हातातलं काम टाकून ती दारात येऊन बसायची. शेवटी सासूबाईंनी बाबांचं नाव काढलं.

“आत पाहुणा दडलाय!” बाबा गरजले. “श्वासानं हुसकायचा! घे जोरात! अजून! हातात उतरला की डागायचा!”

मागच्या आठवड्यात तिच्या डाव्या तळहाताला तापलेल्या सळईचा डाग दिला होता. हात नवऱ्यानेच दाबून धरला होता. तरी झटके थांबले नाहीत, तेव्हा बाबा म्हणाले, पाहुणा उजव्या हातात पळाला! या माणसाकडे उत्तरांचा तुटवडा नव्हता.

आज उजवा हात, सुई धरायचा.

“अहो, मुंग्या आल्यात,” ती कशीबशी म्हणाली. “ओठांनासुद्धा.”

ओठांना? नवरा चपापला. बँडमधले नवशिके भराभर फुंकत सुटले की हेच म्हणायचे. आधी ओठांना मुंग्या, मग बोटं आखडायची. तो त्यांना खाली बसवून सावकाश श्वास घ्यायला लावायचा.

“सळई खाली ठेवा!” तो ओरडला आणि बायकोशेजारी बसून स्वतःच जोरजोरात श्वास घेऊ लागला. लोक हसले. थोड्या वेळाने त्याचीही बोटं वळली, तेव्हा हसू थांबलं.

“तुझ्यातही शिरला!” बाबा म्हणाले.

“मग तुम्हीही घ्या श्वास. बघू, तुमच्यात किती पाहुणे आहेत!”

बाबांना एकाएकी पूजेची आठवण झाली. निम्मी गर्दी मात्र बाबांची वाट बघत तिथेच उभी राहिली.

नवऱ्याने तिला थेट दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी हृदय तपासलं, रक्त तपासलं, मग सांगितलं, “हे पॅनिक अटॅक आहेत. भीतीने श्वास वाढतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, म्हणून मुंग्या येतात, बोटं वळतात. बाबा तेच मुद्दाम घडवून आणत होता. समुपदेशन आणि औषधं घ्या. वेळ लागेल, पण बरं वाटेल.”

बाहेर आल्यावर ती म्हणाली, “तुम्हाला हे इतकी वर्षं माहीत होतं.”

त्याने तिच्या डाव्या तळहातावरच्या डागाकडे पाहिलं. माहीत होतं, पण बाबांसमोर त्याने डोकं वापरलंच नव्हतं.

तुमच्या घरात कुणाला अशी धडकी भरत असेल तर लाजू नका, लपवू नका. त्या माणसाला डॉक्टरकडे न्या, आणि पहिल्याच आठवड्यात न्या.