एकतिसाव्या फेरीतलं नाव

रविवारच्या पेपरात एका तरुण लेखकाने आमच्या बेसबॉल क्लबच्या सगळ्या जुन्या ड्राफ्टना गुण दिले आहेत. कोणत्या साली शाळा-कॉलेजांतली कोणती पोरं निवडली आणि पुढे त्यांचं काय झालं, हे बघून. १९७९ला त्याने दहापैकी तीन दिले. जास्तच दिले, असं मी वाचता वाचता म्हणाले. मग पुढची ओळ वाचली आणि कॉफीचा कप खाली ठेवला. ‘या फसलेल्या निवडीत एकच गोष्ट उठून दिसते: एकतिसाव्या फेरीत व्हर्जिल स्टँपरला हेरणारी डेल हॅवरकँप यांची पारखी नजर.’

पारखी नजर! हॅवरकँप साहेबांनी व्हर्जिल स्टँपरचं कार्ड माझ्यासमोर कचऱ्याच्या टोपलीत टाकलं होतं. मी शहाऐंशी वर्षांची आहे, गुडघे गेलेत, पण ती टोपली हिरव्या पत्र्याची होती हेसुद्धा मला आठवतं.

तेव्हा मी क्लबच्या ऑफिसात टायपिस्ट होते. आमचे नऊ स्काउट देशभर मैदानं पालथी घालायचे, पोरं बघायचे आणि हाताने लिहून पाठवायचे. मी त्याची कार्डं टाइप करायचे. त्या ड्राफ्टपर्यंत चौदा वर्षं झाली होती. कोणाचा शब्द किती धरायचा, ते त्यातून आपोआप कळलं. टेक्सासचा स्काउट दर पोराला ‘अफाट’ म्हणायचा. केंटकीच्या डोंगरांत फिरणारे एमेट ट्रूसडेल मात्र वर्षाला एखाद-दुसऱ्याच नावाखाली रेघ मारायचे. चौदा वर्षांत एकोणीस रेघा. त्यांतले सात जण मुख्य संघापर्यंत पोचले. या धंद्यात शंभरांत पाच पोचले तरी माणसं स्वतःची पाठ थोपटून घेतात.

हॅवरकँप साहेब त्या वर्षी नवे आले होते. निवडीचं सगळं त्यांच्या हातात, आणि त्यांचं धोरण एका वाक्याचं: सहा फुटांखालच्या पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं, नाव निवडीच्या फळ्यावर लागणार नाही. फळ्याकडे बघितलं की वाटायचं, आपण बास्केटबॉलचा संघ काढतोय. पहिल्या फेरीसाठी त्यांनी साडेसहा फुटी पोरगा धरला होता. ‘चेंडू टाकून झाल्यावर खांदा चोळतो,’ असं त्याच्या कार्डावर मीच टाइप केलं होतं. तसं मी बोलूनही दाखवलं.

“लोरीन, तुला पगार टाइप करायचा मिळतो ना?” साहेब म्हणाले. खोलीतले सगळे हसले. एमेट तेवढे हसले नाहीत.

एमेटचा तो शेवटचा ड्राफ्ट. सदुसष्ट वर्षांचे झाले होते, करार वाढवणार नाही असं त्यांना कळवलं होतं. त्यांची शेवटची रेघ स्टँपरच्या नावाखाली होती. डावखुरा पिचर, उंची पाच फूट सात इंच. कार्डावर लिहिलं होतं: ‘वेग नाही. पण फलंदाजापाशी आला की चेंडू टेबलावरून घरंगळल्यासारखा खाली जातो. पोरगा कोणाला भीत नाही.’

साहेबांनी ते कार्ड टोपलीत टाकलं. मी ते काढलं आणि खणात ठेवलं.

तेव्हा ड्राफ्ट फोनवर चालायचा. न्यूयॉर्कचा माणूस क्लबचं नाव पुकारायचा, की आपण आपल्या खेळाडूचं नाव सांगायचं. फेऱ्यांना मर्यादा नव्हती. ज्याला पुरे वाटेल त्याने ‘पास’ म्हणायचं. एकदा पास म्हटलं की त्या वर्षापुरतं दार बंद, परत आत येता येत नसे. आमच्याकडून फोनवर बोलायचं काम माझं होतं.

तिसाव्या फेरीनंतर साहेबांनी सँडविचचा कागद चुरगाळला. “पुढच्या फेरीला पास म्हण, लोरीन.”

“एक मिनिट, डेल,” एमेट उठून उभे राहिले. “माझा एक पोरगा राहिलाय. आता कोणाचं काही जात नाहीये. घेऊन टाक.”

“तोच तो बुटका?”

“पाच फूट सात आहे.”

“टोपी घालून की काढून?”

परत हशा पिकला. एमेट लाल झाले. ‘त्या पोराच्या आईला मी शब्द दिलाय’ एवढंच म्हणाले आणि दाराबाहेर गेले. चौदा वर्षांत त्या माणसाने काहीही मागितलं नव्हतं.

फोनमध्ये आमच्या क्लबचं नाव पुकारलं गेलं. मी खण उघडला.

“स्टँपर, व्हर्जिल,” मी वाचलं. “डावखुरा पिचर. केंटकी.”

“नोंद झाली,” न्यूयॉर्कचा माणूस म्हणाला आणि पुढच्या क्लबकडे वळला.

“काय केलंस हे?” साहेबांनी विचारलं.

“कार्ड वाचलं. तेच करते मी इथे.”

“मी पास म्हणायला सांगितलं होतं!”

“पुढच्या फेरीला म्हणते की. नाहीतर हा घ्या फोन, तुम्हीच म्हणा.”

“उद्यापासून येऊ नकोस.”

“उद्याचं उद्या,” मी म्हणाले. आईचं आणि माझं पोट त्या नोकरीवर होतं. पण मशीनला कागद लावला. सह्यांचा कंटाळा म्हणून साहेब कोऱ्या करारांवर आधीच सही करून गठ्ठा माझ्या खणात टाकायचे. त्यातल्या एकावर मी स्टँपरचं नाव टाइप केलं आणि कागद बाहेर एमेटच्या हातात दिला.

“पोरी, तू वेडी आहेस,” ते म्हणाले.

“गाडी काढा, एमेट. त्यांचा विचार बदलायच्या आत.”

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पोराने आईच्या स्वयंपाकघरात सही केली. आणि त्याच दिवशी सकाळी आठला मी माझ्या खुर्चीवर होते. मला काढायचं तर मालकाला कारण सांगावं लागणार: टायपिस्टने माझ्या नाकावर टिच्चून खेळाडू निवडला. ते सांगायची साहेबांची छाती झाली नाही. म्हणून तो खेळाडू त्यांचा झाला, आणि आजवर त्यांचाच राहिला.

साडेसहा फुटी पोराचा खांदा दुसऱ्याच उन्हाळ्यात गेला. स्टँपर पाच वर्षांनी वर पोचला आणि तीन हंगाम टिकला. फार मोठा झाला नाही. पण त्या वर्षीच्या एकतीस जणांतून मुख्य संघात खेळलेला तो एकटाच, आणि त्याचा पहिला सामना एमेटनी रेडिओवर ऐकला.

पण त्याच्या कितीतरी आधी पुढचा जून आला, म्हणजे पुढच्या वर्षीचा ड्राफ्ट. पहिल्या उन्हाळ्यात स्टँपरने खालच्या संघांतल्या फलंदाजांची पार दैना केली होती. एमेट घरी बसले होते. तिसावी फेरी संपली. साहेबांनी पास म्हणायला तोंड उघडलं, मिटलं, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “तुझ्या खणात आणखी काही आहे का?”

“दोन कार्डं आहेत.”

“उंची किती?”

“या वेळी उंची मी टाइपच केलेली नाही, साहेब,” मी म्हणाले आणि फोन उचलला.