लबासाला जाणारं विमान

"ममता, तुम्हारी फिजीवाली बुला रही है," हैदराबादची रईसा औषधांच्या ट्रॉलीमागून म्हणाली.

फिजीवाली म्हणजे मैमुना. सत्तरीची बाई. हज करून परतताना जेद्द्याच्या हॉटेलात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं आणि बरोबरची मंडळी तिला या इस्पितळात ठेवून मायदेशी गेली. तिच्या पणजोबांनी मजूर म्हणून जाताना फिजीच्या उसाच्या मळ्यांत नेलेली हिंदी वॉर्डात कुणाला धड कळत नसे. चिपळूणची नर्स ममता खाटेपाशी टेकून ऐकत बसे, म्हणून तिला कळे.

फिजीतल्या लबासा गावाजवळच्या तिच्या वस्तीत आता मोजकी घरं उरली होती. आधी लष्करी बंडाच्या भीतीने लोक गेले. मग जमिनींचे भाडेपट्टे संपले, तसे उरलेलेही ऑकलंड, सिडनी, कॅनडाला गेले. हजला निघण्याआधी जनगणनेची मुलगी आली होती.

"पूछिस, घर में केतना आदमी? हम बोला, नौ."

"नौ?" ममताने विचारलं.

"लड़का, बहू, नाती, सब. ऊ बोली, नानी, जो कल रात इधर सोया, खाली वही." मैमुना हसली. "तब हम एक."

त्याच दुपारी ऑकलंडहून तिच्या थोरल्या मुलाचा, रफीकचा फोन आला. तो इंग्रजीत बोलत होता. तिला आपल्याकडे नेण्यासाठी न्यूझीलंडचा व्हिसा त्याने आधीच काढून ठेवला होता. लबासाचं घर रिकामं करून दिलं होतं.

"सिस्टर, घरीच चाललीयस असं सांगा तिला. खरं कळलं तर विमानात बसणार नाही. एकटी तिथे मरेल हो ती."

त्याचा आवाज भरून आला होता. काठीच्या आधारानेही जेमतेम चालणारी म्हातारी त्या ओसाड वस्तीत काय करील, हे ममतालाही दिसत होतं. ती 'बरं' म्हणाली.

डिस्चार्जच्या दिवशी व्हीलचेअरमध्ये बसता बसता मैमुनाने तिचा हात धरला. "हवाई जहाज घरे जाई ना, बेटी?"

"हां, घर ही." मुलाचं घर तेही घरच, असं ममताने मनाशी म्हटलं. मैमुनाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात दूर करावा असं ममताला वाटलं. पण ती मान खाली घालून उभी राहिली.

त्यानंतर कुणी पेशंट 'मी बरा होईन ना?' असं विचारी, तेव्हा तिच्या तोंडून 'हो' चटकन निघेना. रईसाने एकदोनदा विचारलं, "क्या हुआ तेरे को?" तिने काहीबाही सांगून वेळ मारून नेली.

महिन्याभराने वॉर्डातला फोन वाजला. पलीकडे मैमुना होती.

"तुम जानता रहा?"

"हां, नानी." ममता म्हणाली. "रफीकभाई बोले कि आप…"

"रफीक तो हमार बेटा है. ऊ झूठ बोलिस, ठीक." तिच्या आवाजात राग नव्हता. "तुम काहे बोला?"

पलीकडे कुणाच्या तरी घरातला टीव्ही चालू होता, एक लहान मूल इंग्रजीत काहीतरी मागत होतं. मैमुना वाट पाहत होती. तिने फोन ठेवला नाही. ममतानेही ठेवला नाही.