राजाच्या उंटापुढचा प्यादा

मी पांढरा प्यादा बोलतोय. राजाशेजारी जो उंट असतो, त्याच्यापुढचा. जात लाकडाची, रंग थोडा उडालेला, धंदा मरण्याचा. धुळ्याला देवपुरात दीपमालाच्या घरी माझा मुक्काम असतो.

दीपमालाचा स्वभाव आधी सांगतो. भाजीवाल्याने भाव सांगायच्या आत ती भांडायला उभी राहते. अशा बाईला तिच्या नवऱ्याने, प्रशीलने, मोबाइलवर बघून बुद्धिबळाच्या डावाची सुरुवात कशी शिकवावी? सगळे आपापल्या जागी, दारं-खिडक्या लावून, कुणाला खरचटायला नको. फार थोर विचार! त्या विचाराने मी प्रत्येक डावात जिवंत राहिलो आणि ती बहुतेक डाव हरली. निम्म्या डावात जांभया द्यायची, मग कंटाळून वजीरच घालवून बसायची.

"यंदा राज्याच्या संघात निवड झाली नाही, तर पट माळ्यावर टाकते," ती एकदा म्हणाली.

तिचे सासरे वाल्मीक आबा ओट्यावर देशी बुद्धिबळ खेळतात. ते अहिराणीत म्हणाले, "बेटा, तुना स्वभाव मारामारीना शे, आन तू दार लाईसन बशी ऱ्हायनी. उघड ना दार!"

"आबा, दार उघडलं की आपलाच राजा उघडा पडतो," प्रशील म्हणाला.

"मंग पडू दे. ती काय तुनासारखी शे का?"

दीपमाला हसली, आणि तिला शोभेल अशा सुरुवातीचा शोध लागला. काळे मोहरे आले तर सिसिलियन, म्हणजे पहिल्याच खेळीपासून भांडण. पांढरे आले तर राजापुढचा प्यादा दोन घरं, आणि पाठोपाठ मी दोन घरं, थेट शत्रूच्या तोंडात. किंग्ज गॅम्बिट म्हणतात त्याला. नाव राजाचं, मरण माझं. मला विचारलं? छे. प्याद्याला विचारण्याची पद्धत नाही.

सराव आबांबरोबर. तिथेच घोळ झाला. आबांच्या देशी नियमात दोन घरं चालण्याचा मान राजा-वजिरापुढच्या प्याद्यांना. आम्ही बाकीच्यांनी एकेक घर चालायचं. आबा दुसरा नियम ऐकून घेत नाहीत. महिनाभर मी रमतगमत मरायला जात होतो.

जळगावच्या निवड स्पर्धेत शेवटचा डाव तिला जिंकायलाच हवा होता. समोर चारुलता, सुरुवातींचं पाठांतर पक्कं. राजापुढचा प्यादा ऐटीत दोन घरं गेला. मग दीपमालाने मला उचललं, सवयीने एकच घर पुढे ठेवलं आणि हात सोडला. आता खेळी परत घेता येत नव्हती. मागे प्रशीलने कपाळाला हात लावला.

पण असली वाया गेलेली खेळी चारुलताच्या पाठांतरात कुठेच नव्हती. ती बराच वेळ पटाकडे बघत बसली.

दीपमालाने पुढच्याच खेळीला मला पुन्हा ढकललं. चारुलताने मला मारून पटाबाहेर ठेवलं. माझी उभी रांग मोकळी झाली तशी कोपऱ्यातून आलेल्या हत्तीला वाट मिळाली. काळ्या राजाभोवती गर्दी वाढली, तेव्हा चारुलता हळूच म्हणाली, "ताई, बरोबरी घ्यायची?"

"नको गं. मी भांडायलाच आलेय."

थोड्याच वेळात हत्तीने काळ्या राजाला मात दिली. निवडही झाली. सगळ्यांनी हत्तीचं कौतुक केलं. करणारच, तो दिसायला मोठा.

आता राष्ट्रीय स्पर्धेची तयारी चालू आहे आणि प्रशील पुन्हा तिला सांगतोय, तिथे जरा जपून खेळ. प्रशीलभाऊ, हात जोडतो. मरणाचं मला काही वाटत नाही. पण ती जांभया देत हरत असताना पटावर धडधाकट उभं राहणं, ते पुन्हा माझ्याच्याने होणार नाही.