शिवलेला खिसा

या, असे जवळ या. दारापाशी का बसता, इथं पुढ्यात भरपूर जागा आहे. देवाच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकल्या, गात ऐकल्या, डोळे पुसत ऐकल्या. आज त्याच्या एका लेकराची सांगते. गोड नाही ती, हे आधीच सांगून ठेवते. पण शेवटपर्यंत बसा.

शिवणकामाची एक खोली होती. तिथं फक्त पांढरे कपडे व्हायचे, लग्नासमारंभाचे, पायघोळ, दुधासारखे. आणि पांढऱ्या कापडाचा वैरी म्हणजे चिकट बोट. कधीतरी कुणाच्या तरी बोटाची गोड खूण एका पोशाखावर ऐन छातीशी उमटली आणि पोशाख परत आला. तेव्हापासून मालकीणबाईंचा नियम पडला. डबे जिन्याच्या तळाशी, फळीवर. वर खोलीत खाण्याचा कणही आणायचा नाही. आणि शंकेला जागा नको म्हणून सगळ्यांच्या ॲप्रनचे खिसे शिवून बंद.

हे खिसे शिवायचं काम काजकाकूकडे होतं. काकू काजं करायची. तिच्या हातचं काज बघावं, डोळ्याच्या पापणीसारखं रेखीव. खिसेही तसेच शिवायची, दुहेरी धाग्यानं, टोकाला पक्की गाठ मारून.

"काकू, खिसा शिवलाय की तुरुंग बांधलाय?" मुली विचारायच्या.

"पाळायचा तर नीट पाळावा गं नियम," काकू म्हणायची आणि देवाचं गाणं गुणगुणत पुढचा ॲप्रन ओढायची.

मुली मान डोलवायच्या आणि घरी जाऊन दोन टाके उसवायच्या. बोट जाईल एवढी फट सगळ्यांच्या खिशाला होती. कुणाकडे बडीशेप, कुणाकडे पेपरमिंट. काकूची नणंद त्याच खोलीत हेमिंगला, कडा दुमडून शिवायला, बसायची. तिच्या गालात तर कायम काहीतरी विरघळत असायचं. काकूला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्या एकटीचा खिसा खरोखर बंद होता.

पुढं काकूला साखरेचा आजार निघाला. डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली. "दुपारच्या जेवणाआधी थोडा वेळ घ्यायची. पण गोळी पोटात गेली की जेवण झालंच पाहिजे, काकू. नाहीतर साखर एकदम खाली येते. घाम सुटला, हात थरथरले, बोलताना अडखळलात, तर त्याच क्षणी तोंडात साखर टाकायची. जवळ ठेवत जा. यात जीव जातो माणसाचा, मी भीती घालत नाहीये."

काकू मालकीणबाईंकडे गेली. "बाई, एक पेपरमिंट खिशात ठेवू द्या. कागदात गुंडाळून ठेवीन."

"आज तुमचं एक, उद्या सगळ्यांची दुकानं," बाई म्हणाल्या. "गोळी आणा, गोळी चिकटत नाही."

म्हणजे साखर उतरवणारं औषध आत यायचं, चढवणारा खडा बाहेर राहायचा. काकू गोळी बटणांच्या डबीत ठेवू लागली.

आता गोळी नेमकी घ्यायची कधी? खोलीत घड्याळ नव्हतं, बाई म्हणायच्या, घड्याळ दिसलं की हात मंदावतात. पण कापड बेतणाऱ्या कटर मास्तरांची एक सवय होती. जेवणाची घंटा द्यायच्या आधी ते गळ्यातली टेप काढून खुंटीला अडकवायचे, कात्री पुसायचे, शेवटचा कपडा तपासायचे, मग घंटा. काकूनं ती खूण धरली. टेप खुंटीला गेली की गोळी तोंडात.

हे मास्तरांच्या कानावर घातलं नणंदेनं. "आमची वहिनी तुमच्या टेपवर जगते बरं का, मास्तर."

मास्तर विनोदी माणूस. एक दिवस त्यांनी भलत्याच वेळी टेप खुंटीला अडकवली. काकूनं गोळी गिळली, वर घोटभर पाणी प्यायली. मास्तरांनी टेप परत गळ्यात घातली आणि खोलीभर हसू फुटलं.

"फसलात ना काकू?"

काकूही हसली. हसताना तिचे डोळे मात्र घंटेकडे होते. त्या दिवशी मास्तरांनी लगेच घंटा दिली. काकू खाली जाऊन उभ्या उभ्याच जेवली, पहिला घास तर हात न धुताच. "तुम्हाला हात जोडते मास्तर, एवढी एक थट्टा करू नका," ती नंतर म्हणाली. एवढ्या गंभीर तोंडानं म्हणाली की मुलींना त्याचंही हसू आलं.

गंमत एकदा जमली की माणसाला राहवत नाही. पुढच्या आठवड्यात एका कंटाळवाण्या सकाळी मास्तरांनी पुन्हा टेप काढली. या वेळी कात्रीही पुसली. काकूनं गोळी घेतली. हसू फुटलं, आणि तेवढ्यात दार उघडून मालकीणबाई आल्या, मागोमाग नवरी आणि तिची आई. पोशाख आजच हवा होता. झालर व्हायची होती, पाठीची सगळी काजं व्हायची होती.

"झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही," बाई म्हणाल्या आणि दाराला पाठ लावून बसल्या.

काकूनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी कापडाकडे पाहिलं. मी थट्टा केली म्हणून हिला खायला सोडा, हे बाईंसमोर बोलायचं कसं?

काजं करता करता काकूच्या कपाळावर घाम आला. "बाई, मला खाली जाऊन दोन घास खाऊ द्या. मी गोळी घेतलीय."

"घंटेच्या इतकी आधी कशी घेतली?"

मास्तरांनी पुन्हा कात्री पुसायला घेतली.

"वन्सं, तुम्ही सांगा ना," काकू म्हणाली.

नणंद सुईवरून मान न उचलता म्हणाली, "घरीही असंच असतं हिचं. काम दिसलं की घाम सुटतो."

नवरीची आई हसली. काकूचा हात थरथरला. मास्तर लगबगीनं उठले आणि वाटलं, धरतील तिला. त्यांनी तिच्या मांडीवरचा पोशाख उचलला. "घाम पडेल यावर. तुम्ही भिंतीशी बसा, काकू." उरलेली काजं नणंदेकडे गेली.

भिंतीशी बसलेली काकू काहीबाही बोलू लागली. मास्तरांना तिनं आई म्हणून हाक मारली. मुलींनी हसू दाबायला तोंडाला ॲप्रन लावले. मग काकूची बोटं स्वतःच्या खिशावर फिरू लागली, नखांनी टाके ओढू लागली. तिनंच घातलेले टाके ते. एकही निघाला नाही.

नणंद वाकून म्हणाली, "पुरे कर वहिनी, शोभा होतेय." तिच्या श्वासाला पेपरमिंटचा वास होता. काकूनं तो ओळखला असावा, कारण लहान मूल दाखवतं तसं तिनं नणंदेच्या तोंडाकडे बोट केलं. नणंदेनं गालातला खडा चावून पटकन गिळून टाकला.

अखेर बाई नवरीला घेऊन आरशापाशी गेल्या आणि दार मोकळं झालं. काकू उठली, भिंत धरत धरत बाहेर गेली. तिला धरायला कुणी उठलं नाही, झालर संपत आली होती. थोड्या वेळानं जिन्यातून आवाज आला. सगळे धावत गेले तेव्हा ती तळाशी पडली होती, मान भलतीकडे वळलेली. डबा फळीवरच होता, हात लांब केला असता तर लागला असता.

पाय घसरला, असं ठरलं. पोशाख संध्याकाळी वेळेवर गेला, काजांची फार वाखाणणी झाली म्हणे.

खिसे शिवायचं काम आता नणंदेकडे आहे. ती दोन टाके मुद्दाम सैल सोडते, सगळ्यांना माहीत आहे, बाईंना सोडून. काकूचा ॲप्रन धुऊन एका नव्या मुलीला दिला. "माझाच खिसा उघडत का नाही?" तिनं विचारलं. सगळ्या आपापल्या सुईकडे बघत राहिल्या.

तर माझ्या माणसांनो, उठण्याआधी एवढं करा. देवापुढं हात जोडाल, तेव्हा आपल्या माणसांची नावं घ्यालच. त्यांच्या शेवटी, नावही ठाऊक नसलेली, काजं करणारी ती बाई आठवा.