सैल बेड्या

कॉर्लिसने आपल्या मुलीचं मनगट हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. बेड्या काढल्या होत्या, पण वळ तसाच होता. तिच्या स्वतःच्या बोटांना अजून केसांचं जेल चिकटलेलं. पार्लरमध्ये एका बाईच्या वेण्या अर्ध्यावर टाकून ती शाळेत धावत आली होती.

"दुखतंय?"

"नाही," नायला म्हणाली. चौदा वर्षांची पोर, पण आवाज अगदी लहान मुलीचा.

झालं होतं ते एवढंच. जेवणाच्या सुट्टीत नायला आणि तिची मैत्रीण हॅडली यांनी एकमेकींवर पाणी उडवलं. फरशी ओली झाली, एक शिक्षिका घसरून पडल्या. हॅडलीला वर्गात पाठवलं. नायलाला शाळेतल्या पोलिसाने बेड्या घालून सगळ्या वर्गांसमोरून ऑफिसात आणलं. वर तिला दोन आठवडे शाळेत यायला बंदी.

"नियम सगळ्यांना सारखा आहे," उपमुख्याध्यापिका प्रुइटबाई म्हणाल्या. बाई गोऱ्या, बोलणं मऊ. "नायलाचा आवाज चढला होता. टीचर घाबरल्या."

"आणि हॅडली?"

"ती रडत होती हो."

तेवढ्यात दार ढकलून हॅडलीच आत आली. सोनेरी केस अजून ओले.

"सुरुवात मी केली," ती एका दमात म्हणाली. "आधी मीच उडवलं."

प्रुइटबाईंनी उठून तिच्या खांद्यावर हात ठेवला. "खरं बोलायला हिंमत लागते. शहाणी माझी बाय. जा आता वर्गात."

"पण मग नायला..."

"जा, बाळा."

हॅडली दारापर्यंत मागे बघत गेली. नायलाचे दोन आठवडे दोनच राहिले.

बाहेर गाडीजवळ शाळेतला तो पोलीस, गेन्स, उभा होता. तोही कॉर्लिस आणि नायलासारखाच काळा. दर रविवारी चर्चमध्ये त्यांच्या पुढच्या बाकावर बसणारा.

"ब्रदर गेन्स, तुम्ही?"

"ऐका, मिस कॉर्लिस. प्रुइटबाईंनी फोन उचलला होता. शहराचे पोलीस आले असते. नवी पोरं ती, हात कायम पिस्तुलावर. मी बेड्या घातल्या, तेव्हा कुठे बाईंनी फोन खाली ठेवला."

"ती तुम्हाला काका म्हणते."

"म्हणून तर सैल घातल्या." त्याने मान खाली घातली. "दुसरं काय करायला हवं होतं मी? सांगा तुम्हीच."

कॉर्लिसच्या ओठांवर बरंच काही आलं. पण नायला परत येईल तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात हाच माणूस उभा असणार होता. किंवा हा नसेल, दुसराच कोणी असेल.

"थँक्यू, ब्रदर गेन्स," ती म्हणाली.

त्याने टोपी काढली, जरा वेळ हातात धरली, परत घातली.

पेट्रोल पंप मागे पडल्यावर नायलाने विचारलं, "ममा, तू त्यांना थँक्यू कशाबद्दल म्हणालीस?"

पुढच्या चौकात कॉर्लिसने गाडी परत वळवली.

"हा शाळेचा रस्ता आहे, ममा."

"कळतंय मला."

"जाऊन काय म्हणणार?"

"माहीत नाही," कॉर्लिस म्हणाली. "तू पट्टा नीट लाव."