दीडशे शब्दांची अट

आमच्या ग्रुपमध्ये दीडशे शब्दांची अट मीच घातली, आणि ती मोडणारा माणूस माझ्याच घरात निघाला.

ग्रुप म्हणजे ऑनलाइन रोलप्लेचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही मिळून चिंचघाट नावाचं एक गाव रचलंय. नकाशावर शोधू नका, सापडणार नाही. प्रत्येकानं त्या गावातलं एक माणूस घ्यायचं, आणि ते काय करतं, काय बोलतं ते लिहायचं. एकानं लिहिलं की दुसऱ्यानं पुढे न्यायचं. मी शेवंता आहे. शेवंता विधवा आहे, खानावळ चालवते आणि कुणाच्या बापाला भीत नाही. गुडगावच्या आयटी कंपनीतली देविका गावची डॉक्टरीण आहे. दिल्लीत मुनिरक्यात खोली घेऊन शिकणारा अनुराग टपाल वाटतो. बाकीचे कोण नोएडात, कोण पुण्यात.

आता अट का? तर सुरुवातीला लोक ‘ती हसली’ एवढं लिहून पसार व्हायचे. अहो, हसली तर हसली, पुढे मी काय करू? समोरच्यानं एक ओळ टाकायची आणि आपण तिला हातपाय फोडत बसायचं. मला ते जमतं, फार चांगलं जमतं, पण शेवटी वीट येतो. म्हणून फर्मान काढलं: प्रत्येक वेळी किमान दीडशे शब्द, नाहीतर तीन ताकिदींनंतर बाहेर.

तेव्हा सूर्यकांत ग्रुपमध्ये नव्हते. सूर्यकांत म्हणजे माझे यजमान. सारी हयात एका मंत्रालयात गेली, गेल्या वर्षी रिटायर झाले. स्वभावानं भले, कुणाचं वाईट चिंतणार नाहीत, पण तोंडातून शब्द काढतील तर शपथ. आमच्या मयूर विहारच्या घरात संवाद होतो तो असा: “चहा घेणार? घ्याच, नाहीतर मी भांडी घासायला घेतली की मागाल. साखर कमीच घालते.” हे सगळं मीच. ते “हं” म्हणतात. लग्न झाल्यापासून या घरात दोघांचं बोलणं मी एकटी बोलत आलेय. पाहुण्यांना वाटतं, काय बडबडी बाई आहे. त्यांना काय माहीत, मी दोन माणसांचं काम करतेय!

रिटायर झाल्यावर ते बाल्कनीत बसून मेट्रो बघायचे. एक आली, एक गेली. एकदा मी फोनवर काहीतरी लिहून स्वतःशीच हसले, तेव्हा त्यांनी विचारलं, “काय आहे?” मी सगळं चिंचघाट सांगितलं. दुसऱ्या दिवशी पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, “मला घेशील त्यात?”

मला इतका आनंद झाला की तो दिसू नये म्हणून मी उगाच स्वयंपाकघरात जाऊन डबे पुसले. मनात म्हटलं, घरात नाही तर नाही, चिंचघाटात तरी हा माणूस माझ्याशी बोलेल.

त्यांनी हरीश नावाचा मोजणीदार घेतला. जमिनी मोजायला गावात आलेला, एकटा, जेवायला रोज शेवंताच्या खानावळीत. मी बाह्या सरसावून लिहायला बसले. खानावळ कशी सुरू झाली, पहिल्या दिवशी कुणीच कसं फिरकलं नाही, केलेली भाकरी शेवंतानं एकटीनं कशी खाल्ली, सगळं लिहिलं. शेवटी तिनं नव्या पाहुण्याला विचारलं, “तुमचं गाव कुठलं?”

उत्तर आलं: “हरीश जेवला. भाजी चांगली होती.”

मी म्हटलं, नवे आहेत, सांभाळून घेऊ. पुन्हा लिहिलं, आणखी मोठं. उत्तर आलं: “हरीशने मान डोलावली.” तिसऱ्यांदा नुसतं “बरोबर.”

मग देविकाचा निरोप आला. “काकू, रूल सगळ्यांना सेम हवा ना? अनुरागला तुम्ही दोनदा वॉर्निंग दिलीत. काकांना एकदाही नाही.” ती बरोबर होती, आणि त्याचाच जास्त राग आला.

संध्याकाळी मी त्यांना समोर बसवून सांगितलं, अहो, दीडशे शब्द लागतात, नाहीतर तुम्हाला काढावं लागेल. ते “हं” म्हणाले. दुसऱ्या दिवशी खरंच दीडशे शब्द आले. हरीश जेवला. भाजी वांग्याची होती. आमटी तुरीच्या डाळीची होती. ताट स्टीलचं होतं. ताटाशेजारी तांब्या होता. तांब्यावर भांडं होतं. अशी सगळ्या खानावळीची पाहणी करून, भिंतींना चुना कधी दिला असावा याचा अंदाज देऊन, हरीश हात धुऊन निघून गेला. आधी मी खो खो हसले. मग पुन्हा वाचलं तेव्हा कळलं की एवढ्या सगळ्यात शेवंता कुठेच नव्हती. तांब्या होता, भांडं होतं, वाढणारी बाई नव्हती. मला रडू आलं. तेही मी नळ सोडून आटपलं.

दिल्लीतले आम्ही काहीजण अधूनमधून रविवारी कस्तुरबा गांधी मार्गावर, आपल्या राज्याच्या गेस्ट हाऊसच्या कॅन्टीनमध्ये भेटतो. त्या रविवारी अटीचा सोक्षमोक्ष लावायचं ठरलं. सूर्यकांतही आले. साबुदाणावडे आले आणि देविकानं तोंड उघडलं.

“मला काकांबद्दल पर्सनल काही नाही म्हणायचं. पण समोरून एक ओळ आली की पुढचं सगळं मला ओढावं लागतं. ऑफिसात दिवसभर मीच ओढते. इथे येऊन पण तेच करायचं का?”

“पण लेंग्थनं काय होतं, यार?” अनुराग म्हणाला. तो दिल्लीतच वाढलेला, त्याचं मराठी अर्ध्या वाटेवर हिंदीत शिरतं. “मी दीडशे शब्द भरतो ना, त्यातले पन्नास फालतू असतात. आणि मराठी शब्द आठवतच नाहीत मला. आईला फोन करून विचारतो. आई म्हणते, परीक्षा आहे का तुझी?”

“म्हणून काय एक ओळ टाकून मोकळं व्हायचं?” देविका म्हणाली.

“अच्छा, ते आठवतं? मी लिहिलं होतं, शेवंताच्या दारात पाकीट टाकलं, त्यावर तिचं माहेरचं नाव होतं. बस, इतकंच. काकूंनी वॉर्निंग दिली. पण नंतर तुम्ही सगळे कितीतरी दिवस त्या पाकिटावर लिहीत होतात.”

हे खरं होतं. त्या पाकिटानं आम्हाला वेड लावलं होतं. देविका म्हणाली, “ती गोष्ट वेगळी.” अनुराग म्हणाला, “वेगळी कशी?” आणि मग दोघं माझ्याकडे बघायला लागले, कारण अट माझी.

मला शांतपणे निकाल द्यायचा होता. पण वडा गरम, डोकं गरम, आणि शेजारी हे आपले चमच्यानं चटणी गोल फिरवत बसलेले. मी म्हटलं, “मला शब्दांचं काही पडलेलं नाही. मला दोन्ही बाजूंनी बोलायचा वीट आलाय. मी विचारायचं आणि मीच उत्तर द्यायचं. आयुष्यभर तेच केलंय मी!”

आयुष्यभर हा शब्द ग्रुपबद्दल नव्हता, हे अनुरागच्या वयाच्या पोरालाही कळलं. तो घाईघाईनं पाणी प्यायला.

सूर्यकांतांनी चमचा खाली ठेवला. “एक मिनिट बोलू का?” ते म्हणाले. त्यांनी परवानगी मागितल्यावर मलाच कसंसं झालं.

“ऑफिसात फाईलवर लांब कोण लिहितं? खालचा माणूस. पानंच्या पानं. मग ती वर जाते. जसजशी वर जाते तसतसं लिहिणं कमी. खालची नोट अर्धवट असेल तर वरचा खूप लिहितो, शेरे मारतो. पण नोट पूर्ण असेल, कुठेच काही कमी नसेल, तर वरचा काय करतो? नुसती सही. सहीच्या वर एक शब्द नाही. म्हणजे पूर्ण मान्य. पूर्ण विश्वास.” ते थांबले. एवढं बोलायची सवय नव्हती, धाप लागल्यागत झालं. “हिचं लिहिलेलं पूर्ण असतं. त्यात मी काय घालणार? मला वाटायचं, मी सही करतोय. घरी पण.”

इतकी वर्षं त्या “हं”ला मी घुमेपणा समजत होते, आणि हा माणूस माझ्यावर मंजुरीच्या सह्या करत बसला होता! माझं मन भरून आलं, आणि त्याच वेळी वाटलं, ती चटणीची वाटी यांच्या डोक्यात घालावी.

“मी फाईल नाही हो,” मी म्हटलं. “मला सही नको. मला उत्तर हवं.”

“मला ते जमेल असं वाटत नाही, हेमा. मी ग्रुप सोडतो. तुझी पंचाईत नको.”

ते चिडून बोलले नव्हते, म्हणून मी जास्त घाबरले. हा माणूस चिंचघाटातून उठला की पुन्हा बाल्कनीत जाऊन बसणार, आणि तिथून परत येणार नाही. मला भाषण सुचेना. सुचलं ते त्यांच्याच ऑफिसातलं, कारण बाबूच्या बायकोला निम्मं ऑफिस पाठ असतं.

“आणि फाईल पटली नाही तर?” मी विचारलं. “तेव्हा काय करायचात?”

“क्वेरी टाकून खाली पाठवायचो.”

“किती शब्दांची क्वेरी?”

“एक ओळ. कधी अर्धी.”

“आणि खालच्यांचं काय व्हायचं?”

ते पहिल्यांदा हसले. “आठवडाभर पळापळ.”

“मग क्वेरी टाका ना,” मी म्हटलं. “शेवंताला. जे तुम्हाला खरंच माहीत नाही, ते विचारा.”

देविकाला अट कडक हवी होती, आणि तिचं म्हणणं काही चूक नव्हतं. पण ती म्हणाली, “चलो, शब्द नाही मोजायचे. पण पुढच्याला उत्तर द्यावंच लागेल असं काहीतरी ठेवून जायचं. प्रश्न असो, पाकीट असो. ते नसेल तर वॉर्निंग, मग भले पाचशे शब्द लिहा. महिनाभर ट्राय करू. काकांना पण लागू.”

“बिल्कुल,” अनुराग म्हणाला आणि उरलेला वडा त्यानं स्वतःकडे ओढला.

घरी येताना मेट्रोत सूर्यकांत गप्प होते. दुसऱ्या दिवशी गप्प. तिसऱ्या दिवशीही हरीश खानावळीत आला नाही. मी शेवंताला त्याचं ताट मांडून ठेवायला लावलं, ते झाकून ठेवायला लावलं, आणि पुढे काही लिहिलं नाही. ग्रुपमध्ये लोक टपाल, ताप, पंचायत असलं काहीबाही लिहीत होते. माझं लक्ष नव्हतं. म्हटलं, गेला हा माणूस. मी जास्त मागितलं.

संध्याकाळी मी मटार सोलत होते. ते बाल्कनीत, पाठ माझ्याकडे. फोन वाजला. चिंचघाट.

“हरीशनं ताट संपवलं, पण तो उठला नाही. त्यानं विचारलं, ‘तुमचे यजमान तुमच्याशी बोलायचे का?’”

मटार तसेच राहिले. मी बाल्कनीकडे पाहिलं. पाठ हलली नाही. आता शेवंताच्या नवऱ्याबद्दल मी कधीच काही लिहिलं नव्हतं. तो मेला, एवढंच. मी लिहायला घेतलं, बरंच लिहिलं, तो कसा होता, कसा चालायचा, आणि मग सगळं पुसलं. ते सगळं मीच बोलणं झालं असतं. जे खरं होतं तेवढंच ठेवलं.

“शेवंता म्हणाली, ‘नाही. मी बोलायचे, ते ऐकायचे. ऐकायचे की नाही तेही मला कधी कळलं नाही. तुम्ही का विचारता?’”

पाठवलं. नावाखाली तीन ठिपके हलायला लागले, म्हणजे ते लिहीत होते. ठिपके थांबले. पुन्हा हलले. मला धीर धरवत नाही, एरवी मी तिथूनच ओरडले असते, ‘अहो, काय लिहिताय एवढं?’ पण जीभ दातांखाली धरून बसले. बराच वेळ ते ठिपके हलत होते, आणि मला वाटत होतं, आता दीडशे काय, तीनशे शब्द येणार.

आल्या तीन-चारच ओळी.

“हरीश म्हणाला, ‘ते ऐकायचे. सगळं ऐकायचे. तुमचं बोलणं ऐकू आलं नाही तर त्यांना घर भकास वाटायचं. त्यांच्या मनात आणखीही बरंच असायचं. मला माहीत आहे. सांगू का?’”

दुसऱ्याच्या माणसाच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत, हा आमचा नियम आहे. शेवंताचा मेलेला नवरा माझा होता, हरीशला त्याच्या मनातलं सांगायचा काही अधिकार नव्हता. यावर सरळ ताकीद देता आली असती.

मी फोन ठेवला, मांडीवरची परात खाली ठेवली आणि बाल्कनीत गेले. दुसरी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. ते फोन दोन्ही हातांत धरून माझ्या उत्तराची वाट बघत होते, स्क्रीनकडे.

“सांगा,” मी म्हटलं, आणि मग पुढे एक शब्दही बोलले नाही.